चौतीस नंबरची मोजणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, विभागीय अभियंता माननीय विश्वजीत सोनवणे साहेब. नेटकं प्रास्ताविक करणारे हिमांशू साहेब. ज्यांच्यासाठी ही शाल आणि हा हार आणलाय ते आपले सत्कारमूर्ती श्रीधर पाथरीकर सर. त्यांच्या शेजारी बसलेल्या भानुमती वहिनी. पुण्याहून सुट्टी काढून आलेली त्यांची लेक हिमानी. टेकडीवरच्या प्रक्षेपण केंद्राचे आजी-माजी कर्मचारी. आणि मे महिन्याचं असं ऊन, त्यात आज कित्येकांच्या नळाला आठ दिवसांनी पाणी आलेलं, ते भरायचं घरच्यांवर टाकून इथं जमलेल्या बंधू-भगिनींनो, तुम्हा सर्वांना रामकिसन तुपे याचा नमस्कार.

मी केंद्राचा नोकर नाही. मी फुलंब्रीचा. औरंगपुऱ्यात माझं दुकान आहे. पाटीवर अजून ‘तुपे अँटेना हाऊस’ लिहिलेलं आहे, आत मोबाइलची कव्हरं मिळतात. हिमांशू साहेबांचा फोन आला, म्हणाले, प्रेक्षकांच्या वतीनं दोन शब्द बोला. प्रेक्षकांच्या वतीनं म्हणजे नेमकं कुणाच्या वतीनं, ते मी पुढं सांगणारच आहे. साहेबांना फोन करताना त्याची कल्पना नसावी.

भाषण माझ्या मुलीनं लिहून दिलंय. राजनंदिनी शिक्षिका आहे. चार पानं आहेत आणि त्यात ‘दीपस्तंभ’ हा शब्द तीनदा येतो. मी ते वाचणारच होतो. पण मघाशी प्रास्ताविकात हिमांशू साहेब म्हणाले की, ‘तेहेतीस वर्षांची सेवा, एक प्रतिकूल नोंद सोडली तर निष्कलंक.’ त्यांनी ते चांगल्या मनानंच म्हटलं. टाळ्याही पडल्या. मला मात्र टाळी वाजवता आली नाही. त्या एका नोंदीबद्दल मला बोलायचंय. तेव्हा राजनंदिनी, बाई, तुझी पानं मी खिशात ठेवतो. रागावू नकोस.

तर आधी चौतीस नंबर म्हणजे काय ते सांगतो, कारण इथं बसलेल्या निम्म्या पोरांनी छपरावरची अँटेना म्हणजे कावळ्याची बसायची जागा एवढंच पाहिलं असेल.

पूर्वी टीव्हीला एक गोल खटका असायचा, खटखट फिरणारा. त्याच्यावर बारापर्यंत आकडे. आपलं पहिलं चॅनल त्या बारांत कुठंतरी सापडायचं. लांब काड्यांची अँटेना छपरावर लावली, वायर खाली सोडली, की झालं. मग चौऱ्याण्णव साली टेकडीवरून दुसरं चॅनल सुरू झालं, ते चौतीस नंबरवर. लोक दुकानात येऊन माझ्या अंगावर ओरडायचे, ‘ए रामकिसन, आमचा खटका बारावर संपतो. चौतीस काय सासऱ्याच्या घरून आणू?’ मलाही ठाऊक नव्हतं. मी सायकल काढली आणि चिंचखेड्याची टेकडी चढून थेट केंद्रावर गेलो. फाटकावर बन्सी होता, आमचा शिपाईबुवा. तो म्हणाला, परवानगी नाही. आम्ही हुज्जत घालत असताना आतून एक सडपातळ साहेब आले, खिशाला तीन पेनं. म्हणाले, ‘अँटेना लावतो ना? मग आत येऊ दे. आपण इथून कितीही पाठवलं तरी घराघरात पोचवणार हाच आहे.’

तेव्हापासून पंचवीस वर्षं झाली. मला साहेब लोकांनी ‘आत येऊ दे’ म्हणायची सवय नव्हती.

सरांनी मला कागदावर काढून समजावलं. खालचे नंबर भरून गेले म्हणून वरचे उघडले. वरच्या नंबरच्या लहरी आखूड, म्हणून त्यांच्या अँटेनाच्या काड्याही आखूड. आणि या लहरी सरळ चालतात. खालच्या नंबरवाल्या थोडंफार वळून-वाकून जातात, वरच्यांना ते जमत नाही. मधे भिंत आली की संपलं. मला वाटलं, हा नंबर या साहेबांच्याच स्वभावाचा आहे. वहिनी हसताहेत, म्हणजे पटलं.

जुन्या टीव्हीला एक डबी जोडावी लागायची. टीव्हीचा खटका तीनवर ठेवायचा आणि डबीचा काटा चौतिसावर आणायचा. मी अशा किती डब्या विकल्या त्याला गणती नाही. वैजापूरपासून सिल्लोडपर्यंतची गिऱ्हाइकं यायची, त्यातल्या निम्म्यांना मीच सांगायचो की तुमच्या गावाला हे पोचत नाही, पैसे घालवू नका. हे सरांनी शिकवलं. अँटेना लावायची रीत तुम्हाला माहीत आहे. एक जण छपरावर खांब फिरवतो, एक जण दारात उभा, घरचे सगळे टीव्हीपुढं. वरचा विचारतो, ‘आलं का?’ आतले म्हणतात, ‘नाय, मुंग्याच आहेत.’ रविवारी सर त्यांच्या स्कूटरवर मोजायचं यंत्र घेऊन यायचे आणि खाली उभे राहून सांगायचे, ‘रामकिसन, थोडं डावीकडं. अजून. बस.’ ते म्हणतील तितका मी फिरवायचो. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या अंगणात मान वर करून उभा राहणारा इंजिनिअर मी दुसरा पाहिला नाही.

मग शहर वाढलं. संभाजीनगर म्हणा, औरंगाबाद म्हणा, ज्याला जे म्हणायचं ते म्हणा, वाढलं हे खरं. बीड बायपासला, जालना रोडला पाच-पाच, सात-सात मजले उठले. एक इमारत उभी राहिली की तिच्या मागच्या पन्नास घरांत मुंग्या. तक्रार आली की सर मला पाठवायचे, खांब पाच फूट उंच कर. मी करायचो. पुढच्या वर्षी समोरचा अजून दोन मजले चढवायचा. शेवटी केबल आली, मग डिश आली, आणि लोकांनी आमचा नाद सोडला. सर म्हणायचे, ‘रामकिसन, जगात सगळीकडं असंच झालंय. सगळ्यात वरचे नंबर आधी बंद केले. त्या लहरी आता मोबाइलला पाहिजेत.’ शेवटी आलेले आधी गेले. मी विचारलं, मग आपला? तर म्हणाले, ‘कुणी बघत असेल तोवर चालवायचा.’

आता मुद्द्यावर येतो. अध्यक्ष महाशय, आपण इथं नवीन आहात, म्हणून तपशिलात सांगतो.

पंधरा साली वरून पत्र आलं. चौतीस नंबरचे प्रेक्षक किती उरले, पाहणी करून महिनाभरात कळवा. सरांकडं माणूस नव्हता. त्यांनी मला बोलावलं, एक दोनशे पानी वही दिली आणि म्हणाले, ‘गावोगाव जा. घरात जाऊन टीव्ही चालू करून बघ. दिसतोय का, बघतात का. मगच खूण कर.’

मी निघालो. तेव्हाही मे महिनाच होता. पहिल्या दिवशी सहा घरांत गेलो. कुठं कुलूप, कुठं म्हातारी झोपलेली, कुठं ‘आता नको, नंतर ये.’ सातव्या घरापासून मी आत जायचं सोडलं. रस्त्यावरून छप्पर बघायचो. आखूड काड्यांची अँटेना दिसली की वहीत एक खूण. दहा दिवसांचं काम मी तीन दिवसांत उरकलं. तीनशे बारा खुणा झाल्या.

लबाडी केली असं कुणी म्हणेल. आज मीच म्हणतो. पण तेव्हा मला तसं वाटलं नव्हतं, हेही खरं आहे. त्यातल्या बहुतेक अँटेना माझ्या हातच्या. तारेला मी दोन वेढे देऊन तिसरा आतून घेतो, तो वेढा मला शंभर फुटांवरून ओळखू येतो. माझा वेढा दिसला की मला आपलं वाटायचं, खाली माणसं बसलेली आहेत, टीव्ही बघताहेत. वीस वर्षांपूर्वी मी तिथून उतरलो तेव्हा बसलेली होती ना! ती उठून गेली असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अँटेना लावणाऱ्यानंच करावी अशी ही चूक आहे.

मात्र पुढचं चूक नाही. सरांनी वही हातात घेऊन विचारलं, ‘घरात जाऊन पाहिलंस ना?’ मी म्हटलं, ‘व्हय सर.’ ते खोटं होतं. सरांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्या शब्दावर सही केली.

त्या तीनशे बारा खुणांवर चौतीस नंबर आणखी एक वर्ष चालला.

आणि ते वर्ष कोणतं होतं? तुम्हाला सांगायला नको. सोळा सालचा उन्हाळा. लातूरला रेल्वेनं पाणी गेलं तो. आमच्या टेकडीवर यंत्रं थंड ठेवायला मोठा एसी प्लांट होता आणि तो पाण्यावर चालायचा. बोअर आटली होती. म्हणून दिवसाआड एक टँकर टेकडी चढायचा. त्याच रस्त्याला खाली वस्ती आहे, चाळीस-पन्नास घरांची. तिला आठ दिवसांना एक टँकर. त्या बायका हंडे मांडून बसलेल्या असायच्या आणि त्यांच्या नाकासमोरून आमचा टँकर, पाणी सांडत, वर जायचा.

एप्रिलमधे एक दिवस त्या रस्त्यात आडव्या बसल्या. केंद्रावरची वायरिंगची किरकोळ कामं मी करायचो, त्यासाठी त्या दिवशी टेकडीवर होतो. सर खाली आले, मी मागं. वस्तीतल्या द्वारकाबाई सगळ्यांच्या पुढं, मांडीवर रिकामा हंडा. त्या म्हणाल्या, ‘साहेब, वस्तीला आठ दिसाला एक टँकर अन् तुमच्या डोंगरावर दिसाआड. कामून? वर एवढं पाणी पितंय तरी कोण?’

सरांनी हात जोडले. यंत्र तापतं, प्लांटला पाणी लागतं, सगळं सांगितलं. मग म्हणाले, ‘बाई, हे बंद पडलं तर तीनशे बारा घरांतला टीव्ही बंद होईल.’ आकडा असा ठामपणे सांगितला, जणू प्रत्येक घरात स्वतः जेवून आलेत.

द्वारकाबाई म्हणाल्या, ‘कोण्या घरांतला? त्यातलं एक दाखवा. एक दाखवलं ना साहेब, तर म्या सोता हंडा भरून वर आणून घालते तुमच्या मशिनीला.’

सर म्हणाले, ‘चला. रामकिसन, वही आण.’

मंडळी, मी त्या टेकडीवरून वही घेऊन खाली आलो. तेव्हाच सांगून टाकावं असं दहादा वाटलं. नाही सांगितलं.

पहिलं घर आशाबाईंचं. छपरावर माझी अँटेना, सगळ्या काड्या शाबूत. खाली डिश. अँटेनाची वायर कापून दारातल्या लिंबाला बांधलेली, तिच्यावर धुणं. सरांनी वहीतल्या खुणेवर लाल पेनानं रेघ मारली. दुसरं घर, तिसरं घर. एकीकडं खांबावर वालाचा वेल चढवलेला आणि तोही वाळलेला. गीताबाईंच्या घरात टीव्हीच नव्हता, मोबाइल होता. त्या म्हणाल्या, ‘ते वरचं काढून न्या ना भाऊ, वारं सुटलं की लई वाजतं.’ पुढं तर अख्खी गल्ली कुलुपात. माणसं वाळूजला कामाला गेलेली, छपरावर माझ्या आखूड काड्या ओळीनं उभ्या. सर रेघ मारायचे आणि पुढं चालायचे. द्वारकाबाई हंडा काखेत घेऊन बरोबर होत्या. सुरुवातीला त्या दर घरी म्हणायच्या, ‘बघा.’ पंधराव्या घरानंतर त्यांनी म्हणायचं सोडलं. मला वाटतं, त्यांना सरांची दया आली.

वाटेत एका आंब्याखाली सर थांबले. मला म्हणाले, ‘तू आत गेला नव्हतास.’ मी मान खाली घातली. पंचवीस वर्षांत त्यांनी माझ्यावर रागवायला हवं होतं असा तो एक प्रसंग. ते म्हणाले, ‘मी तरी कुठं आलो बघायला.’ आणि चालू लागले.

त्या दिवसाचा टँकर त्यांनी वस्तीत रिकामा करायला लावला. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा निघालो. मी म्हटलं, सर, आता काय बघायचं उरलंय? ते म्हणाले, ‘सगळी तीनशे बारा. एकदा न बघता सही केली, आता पुन्हा नाही.’ तिसऱ्या दिवशी दुपारी, चिंचखेड्याच्या पलीकडं, कडूबाबांचं घर लागलं.

कडूबाबा पुढच्याच रांगेत बसलेत. बाबा, हात वर करा. हां. मी प्रेक्षकांच्या वतीनं बोलतोय, म्हणजे यांच्या वतीनं. कापसाच्या जिनिंगमधे हमाली करून निवृत्त झालेत. त्यांच्या घरात जुना टीव्ही, त्याच्यावर माझी डबी, झाकण गेलेली, काटा चौतिसावर. शेतीचा कार्यक्रम चालू होता. चित्रात निम्म्या मुंग्या. मी विचारलं, बाबा, हे दिसतं का तुम्हाला? ते म्हणाले, ‘आवाज येतो की. माणूस बोलतंय एवढं बास.’

सर त्यांच्या बाजेवर जाऊन बसले. अख्खा कार्यक्रम पाहिला. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. बावीस वर्षं जे पाठवत होते, ते पोचलेलं बघत होते. मग त्यांनी विचारलं, ‘बाबा, हे मी बंद केलं तर चालेल का?’

कडूबाबा म्हणाले, ‘कामून बंद करता?’ सरांनी टँकरचं सांगितलं. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, ‘साहेब, टीव्ही बंद झाला तर माणूस पारावर जाऊन बसंल. पाणी बंद झालं तर कुठं जाऊन बसावं?’

उरलेली घरं बघून झाली त्याच दिवशी सरांनी वर पत्र लिहिलं. हुकूम यायला जून उजाडला. तोवर यंत्र फक्त सकाळ-संध्याकाळ चालवलं आणि वाचलेला टँकर खाली वस्तीला दिला. शेवटच्या दिवशी सरांनी स्कूटरवरून कडूबाबांना वर आणलं, चहा पाजला आणि बटण त्यांनाच दाबायला लावलं. बाबांनी दाबलं. घरघर थांबली. बाबा म्हणाले, ‘एवढंच?’ सर म्हणाले, ‘एवढंच.’

आता त्या पत्राबद्दल. मला वाटलं होतं त्यात माझं नाव असेल. माझं केंद्राचं काम जाईल, याची मी तयारी ठेवली होती. तसं काहीच झालं नाही. मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, ‘मिटलं ते. तुझं दुकान बघ.’ पुढच्या वर्षी बन्सीनं मला खरं सांगितलं. पत्रात लिहिलं होतं, ‘पाहणी अपुरी होती. जबाबदारी माझी.’ बास. वरून चौकशी लागली, सेवापुस्तिकेत नोंद झाली आणि त्या नोंदीपायी सरांची पदोन्नती थांबली. ज्या खुर्चीवर आज आपण बसला आहात, अध्यक्ष महाशय, ती कदाचित त्यांना मिळाली असती. आपला अवमान करायचा हेतू नाही.

हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. या दोन वर्षांत मी सरांच्या घरी दिवाळीला गेलो, वहिनींच्या हातचे अनारसे खाल्ले आणि गप्प राहिलो. लाज वाटत होती म्हणून. माझं केंद्रावर थोडंफार काम अजून चालू होतं, म्हणूनही. वहिनी, तुम्हाला हे आज पहिल्यांदा कळतंय, हे मला तुमच्या तोंडाकडं बघून दिसतंय. यांनी घरीसुद्धा सांगितलं नाही. मला फार वाईट वाटतं.

सर तिकडून मान हलवताहेत, नको म्हणताहेत. सर, पंचवीस वर्षं तुम्ही म्हणाल तिकडं खांब फिरवला. आज नाही फिरवत.

ही ती वही. बंद पडल्या दिवशी सर कपाटात टाकत होते, मी मागून घेतली. अध्यक्ष महाशय, ही मी आपल्या टेबलावर ठेवतो. आतल्या तीनशे बारा खुणा माझ्या हातच्या आहेत. त्यातल्या तीनशे अकरांवरच्या लाल रेघा सरांच्या हातच्या. एका खुणेला रेघ नाही, तिथं सरांनी लिहिलंय, ‘कडूबाबा. स्वतः पाहिले.’ शेवटच्या पानावर काल मी माझा जबाब लिहून सही केली आहे. निवृत्तीच्या दिवशी नोंद बदलते का, मला कायदा माहीत नाही. बदलत नसेल तर तिच्याखाली हे पान चिकटवा.

बोलावलंत, ऐकून घेतलंत, त्याबद्दल संयोजकांचे, केंद्राच्या कर्मचाऱ्यांचे आणि इतक्या उकाड्यात बसून राहिलेल्या आपणा सर्वांचे आभार मानतो. पाच मिनिटं दिली होती, मी वीस घेतली. मुलीनं लिहिलेलं वाचलं नाही, साहेबांच्या खुर्चीचा विषय काढला, सत्कारात नको ते बोललो. बोलण्यात जे काही कमी-जास्त झालं असेल, ते मोठ्या मनानं पोटात घाला. वहीतलं मात्र घालू नका. ते तीन वर्षं एका माणसानं एकट्यानं पोटात घातलंय, आणि माझ्याकडून त्यांना निरोपाला द्यायला दुसरं काही नाही. लिहून घ्या साहेब: मोजणी रामकिसन तुपेची होती.

नमस्कार.